इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या वह्या आणि मृत्युपत्रं : अडलेली वंशावळ मागे कशी न्यायची

चार महिने मी एका तान्हेपणीच गेलेल्या बाळाचे पूर्वज शोधत होते. माझं सासर इंग्लंडचं, विल्टशर काउंटीतलं. सहा पिढ्यांमागचा एक सुतार हा घराण्यातला शेवटचा नक्की माहीत असलेला पुरुष. त्याला इथे नुसतं जॉन म्हणू. त्याचे आईबाप कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या गावच्या चर्चच्या वहीत मला त्याच नावा-आडनावाचा १७७८ सालचा बाप्तिस्मा सापडला. बाप चांगला जमीनजुमला असलेला. मी आनंदाने त्या घराण्याच्या पाच पिढ्या आमच्या झाडाला चिकटवल्या, आणि सासूबाईंनी तो कागद फ्रेमसुद्धा करून घेतला. मग एकदा सहज त्याच वहीतली दफनांची पानं चाळताना दिसलं : एप्रिल १७७९, जॉन, अमक्याचा तान्हा मुलगा. ज्याला मी पूर्वज करून बसले होते, तो पहिल्या वाढदिवसाआधीच गेला होता.

माझ्या माहेरी, मिरजेकडे, आजोबांच्या लहानपणी हेळवी दारात येऊन कुळ सांगायचा. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत बापाचं, आजाचं नाव आयतं मिळतं. इंग्लंडमध्ये असं कुळ सांगणारं कुणी नाही. तिथे आहेत गावोगावच्या चर्चच्या वह्या आणि लोकांची मृत्युपत्रं, आणि जोडणी आपली आपण करायची. इंग्लंडात लग्न करून आलेल्या माझ्यासारख्यांना ती कधी ना कधी करावीशी वाटते. देवळाली, पुणे कॅम्प, भुसावळची रेल्वे वसाहत अशा ठिकाणच्या ज्या घरांत एखादा गोरा पणजोबा होऊन गेला आणि त्याचं मूळ गाव कुणाला सांगता येत नाही, त्यांनाही.

आजपासून मागे या

सुरुवात १६००सालच्या एखाद्या आडनावबंधूपासून करू नका. घरातल्या कागदांपासून करा आणि एकेक पिढी मागे सरका. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद आहे. लग्नाच्या दाखल्यावर वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो, म्हणून हा दाखला सगळ्यात कामाचा. मृत्यूच्या दाखल्यावर त्या काळी आईबापांची नावं नसत, पण वय असतं. सरकारी रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव थेट १८३७पासून दिसतं. एकाच नावाची दोन मुलं वेगळी काढायला ते पुरतं.

जनगणना दर दहा वर्षांनी. १८५१पासून जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. १८४१ची मात्र फसवी आहे : पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढायचं अशी सूचना होती, आणि जन्माबद्दल फक्त 'याच काउंटीत का', नाहीतर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात, एवढंच विचारलं होतं. आमचा जॉन १८४७मध्ये गेला, म्हणजे १८५१च्या जनगणनेत त्याचं जन्मगाव लिहिलं जायला चार वर्षं कमी पडली. १८४१मध्ये त्याचं वय ६०. याचा अर्थ ६० ते ६४मधलं काहीही. ६ जून १८४१ला ते वय, म्हणजे जन्म साधारण १७७६चा मध्य ते १७८१चा मध्य. मृत्यूच्या दाखल्यावर वय ६७, म्हणजे १७७९-८०. हा दाखला माझ्या हातात होता. पण '१७७८ काय नि १७८० काय, सांगणाऱ्याने अंदाजे सांगितलं असेल' असं म्हणून मी पुढे गेले, कारण जमीनवाला बाप मला आवडला होता.

गाव ठरवा, मग वही उघडा

१८३७च्या मागे गेलात की पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा गावाचा भाग. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. सुरुवातीच्या कागदी वह्या बऱ्याचशा गेल्या. १५९८मध्ये नवा हुकूम निघाला : जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आली त्या १५५८पासूनच्या तरी, आणि दर वर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवा. म्हणून कितीतरी गावांच्या वह्या नेमक्या १५५८पासून सुरू होतात.

या नकलांना बिशप्स ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, आणि त्यांना कमी लेखू नका. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर नक्कल वाचवते. मूळ वही धडधाकट असली तरी दोन्ही बघा, कारण नक्कल करताना पाद्रीबुवांनी कधी एखादं नाव गाळलंय, कधी उलट 'विधवा' किंवा 'सुतार' असा शब्द जास्तीचा घातलाय.

कोणत्या काळात वहीत काय मिळेल याचा अंदाज आधीच असू द्या. सुरुवातीच्या नोंदी एका ओळीच्या, बहुधा फक्त बापाचं नाव. १६४३ ते १६६० यादवी युद्ध आणि राजाविना गेलेला काळ. तिथे वह्यांत भगदाडं आहेत. २५ मार्च १७५४पासून लग्नाचा कायदा कडक झाला : लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा परवाना, वेगळी वही, वर-वधूच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी फुली, आणि साक्षीदार. १ जानेवारी १८१३पासून छापील रकाने आले. बाप्तिस्म्यात आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. दफनात वय आणि ठिकाण.

जुन्या वह्या आता बहुतेक त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत; विल्टशरच्या चिपनम इथल्या हिस्टरी सेंटरमध्ये. घरबसल्या बघायच्या संकेतस्थळांपैकी फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग फुकट आहेत, अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्टला वर्गणी पडते. तिकडे बऱ्याच ठिकाणच्या लायब्रऱ्यांत ती फुकट वापरता येतात. सूचीत नाव सापडलं की काम झालं असं समजू नका. सूची कुणीतरी वाचून टाइप केलेली असते. पानाचा फोटो उघडा, आणि वरच्या-खालच्या नोंदीही वाचा.

गाव माहीत नसेल तर माहीत असलेल्या गावाभोवती पंधराएक मैलांचं वर्तुळ काढा. फॅमिलीसर्चवर १८५१च्या पॅरिशच्या हद्दी दाखवणारा नकाशा आहे, त्यावर शेजारच्या पॅरिशची यादी मिळते. लग्न पुष्कळदा मुलीच्या पॅरिशमध्ये होई, तेव्हा ते सापडलं नाही तर नवऱ्याच्या गावी अडून बसू नका.

अक्षर, लॅटिन आणि तारखा

सोळाव्या-सतराव्या शतकातलं 'सेक्रेटरी' नावाचं अक्षराचं वळण पहिल्यांदा बघताना मोडी पहिल्यांदा बघितल्यासारखंच होतं : अक्षरं ओळखीची वाटतात आणि शब्द एकही लागत नाही. उपायही मोडीचाच. ओळखीच्या शब्दापासून सुरू करा. महिन्यांची नावं आणि 'मुलगा', 'मुलगी', 'दफन' हे शब्द पानभर पुन्हा पुन्हा येतात. त्यांतून त्या लेखनिकाची बाराखडी कागदावर उतरवा. नावाच्या सुरुवातीला दोन छोटे एफ म्हणजे मोठा एफ. यू आणि व्ही एकमेकांच्या जागी, आय आणि जे तसेच. 'जेएनओ' म्हणजे जॉन. एक्स-टी अशी सुरुवात असलेलं नाव बहुधा ख्रिस्तोफर. नॅशनल आर्काइव्ह्जच्या, म्हणजे तिथल्या सरकारी दफ्तरखान्याच्या, संकेतस्थळावर जुनं अक्षर वाचायला शिकवणारा फुकट पाठ आहे; दोन रविवार त्यावर घाला.

१७३३पर्यंत लॅटिन चालायचं. गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, जाकोबुस म्हणजे जेम्स, एजिडियुस म्हणजे चक्क जाइल्स. फिलिउस मुलगा, फिलिया मुलगी, उक्सोर बायको, विदुआ विधवा, ही आपल्याला लगेच लक्षात राहते. सेपुल्तुस म्हणजे पुरला.

तारखांत जवळजवळ प्रत्येक नवशिका पडतो. १७५१पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. पाडव्याच्या आसपास नवं वर्ष, आपल्याला त्यात नवल नाही. पण याचा परिणाम असा की वहीतला 'फेब्रुवारी १५८४' हा 'डिसेंबर १५८४'च्या नंतर येतो, आणि आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १५८५ असतो. टिपण करताना १५८४/५ असं दोन्ही लिहा. १७५२मध्ये वर्ष १ जानेवारीला आणलं आणि त्याच सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. शिवाय '७' आकड्यापुढे 'बर' लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर.

सरावासाठी एक पान सांगते. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ला विल्यम शेक्सपियरचा बाप्तिस्मा आहे, लॅटिनमध्ये, एका ओळीचा. त्याची जुळी मुलं हॅम्नेट आणि ज्युडिथ यांची नोंद २ फेब्रुवारीची, वहीत १५८४ खाली, म्हणजे आपल्या १५८५ची. आणि त्या वहीची पहिली पानं सगळी एकाच अक्षरात आहेत, कारण ती १५९८च्या हुकमानंतर उतरवलेली नक्कल आहे. जगप्रसिद्ध माणसाचाही 'मूळ' बाप्तिस्मा आपण नकलेतच वाचतो.

एकाच नावाची माणसं

इंग्लंडात जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ एवढ्या नावांत निम्मं गाव संपतं. मोठ्या मुलाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत आपल्यासारखीच, त्यामुळे चार भावांना चार जॉन होतात. संशयाची जागा हीच, म्हणून इथे घाई करायची नाही.

मी आता असं करते. ज्या दहा-बारा वर्षांत जन्म बसू शकतो, त्या काळातले वर्तुळातल्या सगळ्या पॅरिशमधले त्या नावाचे सगळे बाप्तिस्मे एका तक्त्यात मांडते. मग प्रत्येकाला मारायचा प्रयत्न करते. आधी पुढची पाच-दहा वर्षं दफनांत तो बाळपणी गेला का ते बघते. त्याच आईबापांनी पुढच्या मुलाला पुन्हा तेच नाव दिलं असेल तर आधीचा बहुधा गेलेला असतो. जे उरतात त्यांचं पुढे काय झालं ते शोधते : त्यांचं लग्न, मुलं, धंदा, दफन. एखादा जॉन १८१०मध्ये शेजारच्या गावात लोहार म्हणून मुलांचे बाप्तिस्मे करतोय, तर तो आपला सुतार नाही. तक्त्यात शेवटी एकच उरला तरी तो 'खोडता न आलेला' एवढाच असतो. सिद्ध झालेला नसतो. आपल्या माणसाचा बाप्तिस्मा झालेलाच नसेल, किंवा पंधरा मैलांच्या पलीकडे झाला असेल.

माझ्या तक्त्यात तीन जॉन होते. एक बाळपणी गेलेला, एक लोहार, आणि तिसरा जून १७८०मध्ये बाप्तिस्मा झालेला, 'थॉमस आणि मेरी यांचा मुलगा'. थॉमस साधा कुळवाडी. त्याला पक्का बाप ठरवायला वही पुरी पडणार नव्हती. वहीत तारीख असते, नातं क्वचितच पुढे चालतं. त्यासाठी मृत्युपत्र लागतं.

मृत्युपत्र कुठे सापडेल

१२ जानेवारी १८५८पासून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कायदेशीर मंजुरी देण्याचं काम, सरकारी झालं आणि तेव्हापासूनची देशभराची एकच सूची सरकारी संकेतस्थळावर शोधता येते. त्याआधी हे काम चर्चच्या न्यायालयांचं होतं, आणि ती एकावर एक उतरंडीसारखी रचलेली होती. सगळी मालमत्ता एका छोट्या हद्दीत असेल तर आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याचं न्यायालय; त्याहून पसरलेली असेल तर बिशपचं; दोन बिशपांच्या प्रांतांत पाच पौंडांहून जास्त किमतीचा माल असेल तर आर्चबिशपचं. दक्षिणेत कँटरबरी, उत्तरेत यॉर्क. मध्येच काही गावं 'पेक्युलियर', म्हणजे त्यांचा कारभार स्वतंत्र. एकाच गल्लीतल्या दोघांची मृत्युपत्रं दोन ठिकाणी असू शकतात.

शोधताना खालून वर जा, पण वरचं सोडू नका. कँटरबरीची १३८४ ते १८५८ची मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ऑनलाइन उतरवून घेता येतात. समुद्रावर किंवा परदेशात मेलेल्यांची बरीच तिथेच. १६५३ ते १६६० चर्चची न्यायालयं बंद होती, तेव्हाची देशभराचीही त्यांतच मिळतात. यॉर्कची मृत्युपत्रं यॉर्कच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये, सॉल्सबरीच्या बिशपची चिपनमला. डेव्हनवाल्यांनी मात्र आधीच मन घट्ट करावं : तिथली बहुतेक मृत्युपत्रं १९४२मध्ये एक्सेटरवरच्या बाँबहल्ल्यात जळाली. अशा वेळी १७९६ ते १९०३च्या मृत्युकराच्या वह्या कामी येतात, कारण त्यांत वारसांचं मयताशी नातं लिहिलेलं असतं.

आपल्या माणसाचं मृत्युपत्र नसेल तर हताश होऊ नका, कारण बहुतेकांनी ते केलंच नाही. त्याच्या भावाचं, निपुत्रिक काकाचं, अविवाहित आत्याचं शोधा. विवाहित बाईला १८८२चा कायदा येईपर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, पण विधवेला येई, आणि विधवांची मृत्युपत्रं म्हणजे सोन्याची खाण. कुठल्या भाचीला कुठली चादर आणि कुठल्या नातीला कुठली कढई, सगळं नावानिशी.

ते वाचायचं कसं

पहिलं अर्धं पान देवाचं नाव आणि आत्म्याची सोय. ते ठराविक असतं. खरा मजकूर 'आयटम' या शब्दापासून. नावं, नाती, गावं, धंदे, रकमा अशी वेगवेगळी टिपून घ्या. साक्षीदार आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाराही टिपा. तो पुष्कळदा मेहुणा किंवा जावई असतो.

नात्यांच्या शब्दांत आपण मराठी माणसं हमखास चुकतो, कारण आपल्याकडे चुलत, मावस, आते, मामे असं सगळं चोख. तिथे 'कझिन' म्हणजे भाचा-पुतण्यापासून लांबच्या कुणापर्यंत काहीही. 'सन-इन-लॉ' जावई असेल, सावत्र मुलगाही असेल. 'ब्रदर' म्हणजे मेहुणा असू शकतो. 'नीस'चं उदाहरण तर शेक्सपियरच्याच १६१६च्या मृत्युपत्रात आहे : तो एलिझाबेथ हॉलला 'नीस' म्हणतो, आणि ती होती त्याच्या मुलीची मुलगी. चर्चच्या वह्या हाताशी नसत्या तर कुणीही तिला भाची करून टाकली असती. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' बापलेकच असतील असं नाही. गावात त्या नावाचे दोघं आहेत, एवढंच.

त्याच घरातलं दुसरं उदाहरण नावाचं. शेक्सपियरची बायको अ‍ॅन हॅथवे हिचा बाप्तिस्मा सापडत नाही. थडग्यावरच्या वयावरून तिचा जन्म १५५६च्या आसपासचा, आणि स्ट्रॅटफर्डची वही सुरूच १५५८ला होते. तिचा बाप मानल्या जाणाऱ्या रिचर्ड हॅथवेच्या १५८१च्या मृत्युपत्रात मुलगी आहे ती 'अ‍ॅग्नेस', तिला लग्नाच्या दिवशी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स द्यायचे. त्या काळी अ‍ॅन आणि अ‍ॅग्नेस ही एकाच नावाची दोन रूपं होती. त्यात भर म्हणजे वुस्टरच्या बिशपच्या वहीत २७ नोव्हेंबर १५८२ला लग्नाच्या परवान्यावर नाव आहे 'अ‍ॅन व्हेटली', आणि दुसऱ्याच दिवशीच्या जामीनपत्रावर 'हॅथवे'. नुसती पहिली नोंद बघणाऱ्याने वेगळीच सून घरात आणली असती.

'एक शिलिंग' दिसला की लोक लगेच म्हणतात, बापाने मुलाला हाकलून दिलं. तसं असेलही. पण पुष्कळदा त्या मुलाला त्याचा हिस्सा आधीच मिळालेला असतो, आणि आपण विसरलो नाही हे कायद्यापुढे दाखवायला एक शिलिंग लिहितात.

आमच्या थॉमसने नेमकं हेच केलं. चिपनमला त्याचं १८०३चं मृत्युपत्र निघालं, दीड पानी, खाली सहीऐवजी थरथरती फुली. चौथं कलम : 'माझा मुलगा जॉन, अमक्या गावी राहणारा सुतार, यास एक शिलिंग.' गाव तेच, जिथे १८०४मध्ये आमच्या जॉनचं लग्न झालं. धंदा तोच. आणि मृत्युपत्रातला दुसरा मुलगा एडवर्ड हाच जॉनच्या लग्नाचा साक्षीदार, त्याची सही वहीत आहे. नाव, गाव, धंदा, भाऊ : चार धागे, दोन वेगळ्या कचेऱ्यांचे कागद. इथे मी पेन्सिलीची रेघ शाईची केली.

तरीही अडलं तर

गरिबांचा पत्ता गरिबीच्या कागदांत लागतो. १६६२च्या कायद्याने प्रत्येक गरिबाचं 'हक्काचं', म्हणजे त्याला मदत द्यायची जबाबदारी असलेलं, एकच पॅरिश ठरे, आणि त्यासाठी घेतलेल्या जबान्यांत माणूस कुठे जन्मला, कुठे उमेदवारी केली, कुठे नोकरी केली हे त्याच्याच तोंडून लिहिलेलं असतं. अनौरस मुलाच्या बापाकडून खर्चाचा जामीन लिहून घेत, म्हणून बाप्तिस्म्यात नसलेला बाप तिथे सापडतो. ही कागदपत्रं वह्यांशेजारीच, 'पॅरिश चेस्ट' या नावाखाली असतात.

चर्चमध्ये काहीच नाही, तर माणसं चर्चबाहेरच्या पंथातली असतील. अशा पंथांच्या, त्यांतल्याच क्वेकर पंथाच्याही, १८३७पूर्वीच्या वह्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. लंडनजवळचं लग्न सापडत नसेल आणि साल १७५४आधीचं असेल, तर फ्लीट तुरुंगाच्या परिसरात चोरून होणाऱ्या लग्नांच्या वह्या बघा. त्यांतल्या तारखांवर मात्र फार भिस्त ठेवू नका.

आणि पणजोबा इकडे आलेला असेल, तर सुरुवात इंग्लंडमध्ये करूच नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात एन/३ या क्रमांकाखाली आहेत आणि बऱ्याच फाइंडमायपास्टवर दिसतात. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात राहिलेल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची फुकट शोधयादीही बघा. तिथून पलटण, कंपनी किंवा रेल्वेची नोकरी कळली की मग सैन्यभरतीच्या कागदात इंग्लंडमधलं गाव निघण्याची आशा. ते गाव हाती लागल्यावर वरचं सगळं सुरू.

प्रत्येक टिपणापुढे कागदाचा क्रमांक, पान आणि आपण तो कधी पाहिला हे लिहा. कुठे शोधलं आणि काही सापडलं नाही, हेही. माझ्या वहीत अशा 'नाही'ची पानं जास्त आहेत, आणि तीच पुन्हा पुन्हा उघडावी लागतात.

जॉनच्या आईचंच घ्या. मृत्युपत्रात थॉमस 'माझी आत्ताची बायको मेरी' म्हणतो. 'आत्ताची' हा वकिली शब्द. आधी दुसरी होती, असं त्यावरून ठरत नाही. पण दफनांत नोव्हेंबर १७७९ला 'थॉमसची बायको मेरी' आहे, आणि जॉनचा बाप्तिस्मा जून १७८०चा. म्हणजे तो पहिल्या मेरीचा, उशिरा बाप्तिस्मा झालेला. किंवा ती दफन झालेली मेरी दुसऱ्याच थॉमसची. दुसऱ्या लग्नाची नोंद त्या गावच्या वहीत नाही. शेजारच्या तीन पॅरिशपैकी एकाची लग्नांची वही बघून झाली आहे, तीत ते नाही. फ्रेममधला कागद सासूबाईंनी काढला, नवा अजून लावलेला नाही.